शेतात जाऊन पाहणारा शिपाई
आभाळाखाली | ध्रुवदर्शी

3 सप्टेंबर 1965. पहाटेचे दोन वाजून गेलेले. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एक्झेटर गावी, पोलीस चौकीत अठरा वर्षांचा एक पोरगा थरथरत आला. नॉर्मन मस्कारेलो. तीन आठवड्यांनी तो नौदलात रुजू व्हायचा होता. रात्री गाड्यांना हात दाखवत, उरलेलं चालत तो घरी निघाला होता. शेजारच्या केन्सिंग्टनच्या शिवारावर त्याला पाच लाल दिवे एकामागून एक लुकलुकताना दिसले. ते अंगावर येताहेत असं वाटून त्याने रस्त्याकडेच्या चरात उडी टाकली होती.

अशा पोराला आपण काय म्हणतो? घरी जा, झोप काढ. पण गस्तीवरचा युजीन बर्ट्रंड त्याला घेऊन त्याच शेतात परत गेला. त्याच रात्री गाडीत घाबरून बसलेल्या एका बाईने त्याला लाल दिव्यांचीच हकिकत सांगितली होती आणि त्याने ती मनावर घेतली नव्हती. शेतात घोडे कुंपणाला लाथा झाडू लागले, कुत्री भुंकू लागली आणि झाडांमागून ते दिवे वर आले. आवाज कसलाच नाही. बर्ट्रंडने पिस्तूल उपसलं, मग स्वतःला आवरलं आणि पोराला ओढत गाडीत नेलं. पाठोपाठ पोहोचलेल्या डेव्हिड हंट या शिपायानेही ते दिवे पाहिले.

मला या प्रकरणात दिव्यांपेक्षा शेतात परत जाणं मोठं वाटतं. पोराच्या शब्दाखातर कुणीतरी दोन पावलं चालून गेलं, म्हणून एका साक्षीचे तीन साक्षीदार झाले.

पुढे हवाई दलाची चौकशी झाली. जवळच्या पीझ तळावरच्या अधिकाऱ्याने साक्षीदारांना भेटून प्रामाणिक अहवाल दिला: माणसं विश्वासार्ह आहेत, कारण मात्र सापडत नाही. पेंटॅगॉनने तरीही ठरवून टाकलं की हा लष्करी सराव आणि हवेच्या थरांमुळे लुकलुकणारे ग्रह-तारे यांचा परिणाम. दोघा पोलिसांनी पत्रं लिहून कळवलं, तुम्ही सांगता तो सराव दोनला संपला; आम्ही पाहिलं ते त्यानंतर जवळजवळ तासाभराने. या खुलाशामुळे लोक आपली टिंगल करतात, हेही त्यांनी लिहिलं. ते वाचताना मला आजही राग येतो.

2011 साली दोन संशयवादी अभ्यासकांनी नवं उत्तर मांडलं. आकाशात दुसऱ्या विमानांना इंधन देणाऱ्या केसी-97 विमानाच्या पोटाखाली ओळीने लुकलुकणारे पाच लाल दिवे असत. मला हे उत्तर पेंटॅगॉनच्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जवळचं वाटतं. निदान त्यात साक्षीदारांनी सांगितलेला पाचाचा आकडा आहे. अडतं एवढंच, की बर्ट्रंड स्वतः हवाई दलात चार वर्षं इंधन भरण्याच्याच कामावर होता. आणि एवढ्या जवळच्या विमानाचा आवाज कुठे गेला?

2 एप्रिल 2022 च्या रात्री आपल्याकडे आभाळातून जळते पट्टे गेले, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. हाताला लागेल असं काही होतं, इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. केन्सिंग्टनच्या शेतात तसं काही पडलं नाही. तिथे फक्त माणसांचा शब्द होता.

आभाळात दिसलेल्या अशा वस्तूंची चौकशी करणाऱ्या हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पात 1969 पर्यंत 12,618 नोंदी जमल्या. त्यांतल्या 701 अनोळखी राहिल्या. या 701 म्हणजे परग्रहवासी, असा अर्थ मी काढत नाही. पण ‘माहीत नाही’ हा शेरा मारण्यात कमीपणा वाटला, की चौकशी करणारा साक्षीदारालाच खोटं पाडतो. एक्झेटरमध्ये नेमकं तेच झालं.

अखेर 1966 च्या सुरुवातीला हवाई दलाचं पत्र आलं: तुम्ही पाहिलेली वस्तू आम्हाला ओळखता आली नाही. पत्र दोघा पोलिसांच्या नावे होतं. मस्कारेलो तोवर नौदलात गेला होता.