विज्ञानविचार : रिपीटरची शिदोरी

ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, गाढी नदीचें पाणी पनवेल शहरांत शिरलें, आणि ज्या टेलिफोनवर आपण निर्धास्तपणें विसंबतो तो मुंबई व रायगड भागांत ठिकठिकाणीं मुका झाला. घरांतील माणूस बाहेर अडकलेलें आणि त्याची खुशाली कळावयास मार्ग नाहीं, ही अवस्था आमच्या पुष्कळ वाचकांना आठवत असेल. अशा प्रसंगीं हौशी बिनतारीवाल्यांची, म्हणजे ज्यांना ‘हॅम’ म्हणतात त्यांची, मदत होते हें आतां सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या यंत्राची शिदोरी किती तास पुरेल, हें ज्या हिशेबावर अवलंबून असतें त्याविषयीं जाणत्यांतहि एक गैरसमज आढळतो. त्याचाच आज विचार करूं.

हातांत मावणाऱ्या यंत्राच्या दोन मीटर लांबीच्या लहरी बहुतेक सरळ रेषेंत जातात. पनवेलच्या पूर्वेस प्रबळगड-माथेरानचे डोंगर, दक्षिणेस कर्नाळा. पलीकडच्या माणसाशीं बोलावयाचें तर मध्यें कोणी उंचावर बसलेला निरोप्या हवा. हा निरोप्या म्हणजे रिपीटर. तो एका कंपनसंख्येवर क्षीण आवाज ऐकतो आणि त्याच क्षणीं दुसरीवर, बहुधा ६०० किलोहर्ट्झ बाजूला, तोच आवाज जोरानें उच्चारतो. माथेरानएवढ्या, म्हणजे सुमारें ८०० मीटर उंचीवरून, मध्यें आड कांहीं नसल्यास त्याची हांक शंभरावर किलोमीटर पोंचूं शकते. मात्र वादळांत वीज गेली कीं त्याचा सारा संसार बॅटरीवर!

आतां तो गैरसमज. कॉलेजांतील पदार्थविज्ञानांत याकोबीचा नियम शिकवितात : विजेच्या उगमाचा आंतील रोध आणि बाहेरील भाराचा रोध समान झाले म्हणजे भाराला जास्तींत जास्त शक्ति मिळते. त्या वेळीं निम्मी शक्ति उगमांतच जळते. यावरून पुष्कळांची समजूत होते कीं, प्रक्षेपकाचा शक्तिवर्धक एरियलशीं नीट ‘जुळविला’ कीं निम्मी बॅटरी वांया जाणारच. त्याला इलाज नाहीं.

नियम खरा आहे. पण तो निराळ्या प्रश्नाचें उत्तर आहे. पनवेलकरांच्या शेजारचेंच उदाहरण घ्या. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस उतरवून टाटांनीं १९१५ सालीं मुंबईस वीज पुरविण्यास आरंभ केला. ती योजना याकोबीच्या नियमानें आंखली असती, तर अर्धी वीज खोपोलीच्याच जनित्रांत उष्णता होऊन गेली असती! एडिसननें १८७९ च्या सुमारास हें ओळखून मुद्दाम अल्प आंतररोधाचा डायनामो केला. अधिकांत अधिक शक्ति उपसणें आणि हातीं असलेली शक्ति काटकसरीनें वापरणें, हीं दोन भिन्न कामें आहेत.

मग रिपीटरमध्यें जुळणी कशाशीं करावयाची? कांडणाचें मुसळ आठवा. फार हलकें असलें तर हात उंच जातो पण कांडण होत नाहीं. फार जड असलें तर तें उचलतच नाहीं. हाताला झेपेल तेंच मुसळ योग्य. ट्रान्झिस्टरलाहि असाच झेपणारा भार लागतो. बॅटरी १२ व्होल्टची आणि इच्छित शक्ति २५ वॅट असेल, तर दाबाच्या वर्गाला शक्तीच्या दुपटीनें भागावें : १४४ भागिले ५०, म्हणजे जवळजवळ तीन ओहम. एरियल व तिची तार मात्र असते ५० ओहमची. ती तशीच जोडली तर याच हिशेबानें पुरता दीड वॅटहि निघणार नाहीं. म्हणून मध्यें वेटोळीं आणि कंडेन्सर यांचें जाळें घालून ५० ओहमला तीन ओहमचें रूप द्यावें लागतें. इंपिडन्सची जुळणी ती हीच. ट्रान्झिस्टरच्या आंतररोधाशीं बरोबरी साधण्याचा येथें संबंध नाहीं.

काटकसर ठरते ती ट्रान्झिस्टर कसा राबवितां त्यावरून. ‘ए’ वर्गाची कार्यक्षमता सिद्धांततःच शेंकडा ५० च्या वर जात नाहीं. ‘बी’ वर्गाची मर्यादा ७८·५. ‘सी’ वर्गाची त्याहूनहि अधिक. रिपीटरमधील एफ. एम. लहरीची उंची स्थिर असते, तिच्यांत बदलते ती कंपनसंख्या. त्यामुळें ‘सी’ वर्गानें आवाज बिघडत नाहीं. आतां २५ वॅट शक्ति शेंकडा ४० कार्यक्षमतेनें काढली तर बॅटरीतून ६२॥ वॅट जातात आणि ३७॥ वॅटची भट्टी पेटते; शेंकडा ६० नें काढली तर सुमारें ४२ वॅट जातात आणि १७ च जळतात. शंभर अँपियर-तासांची बॅटरी पहिल्या रीतीनें सुमारें १९ तास अखंड बोलेल, दुसरीनें सुमारें २९ तास. हे दहा तास म्हणजे पुराची एक सबंध रात्र होय.

म्हणून आमच्या तरुण हौशी वाचकांस एक सूचना. परतणाऱ्या लहरी मोजणारा एस. डब्ल्यू. आर. मीटर चांगला आंकडा दाखवितो, एवढ्यावर संतुष्ट राहूं नये. हा आंकडा २ असतां शक्तीचा नववा हिस्सा परततो, ३ असतां चौथा. आणि त्याहून वाईट हें कीं शक्तिवर्धकाला झेपणारा भारच बदलतो. परंतु कोंकणच्या पावसानें तारेंत पाणी शिरलें असतां जातांना व येतांना दोन्ही वेळां लहर तारेंतच मुरते, आणि मीटर उलट चांगलाच आंकडा दाखवितो! तार आणि डुप्लेक्सर मिळून तीन डेसिबल हानि झाली, तर २५ पैकीं साडेबाराच वॅट एरियलपर्यंत पोंचतात. यास्तव बॅटरीतून जाणारे वॅट आणि एरियलच्या टोंकाशीं मिळणारे वॅट, दोन्ही मोजून वहींत टिपावे, आणि हें काम मृगापूर्वीं उरकावें. पाऊस लागल्यावर डोंगर चढून दुरुस्ती करणें सोपें नसतें, आणि खालीं कोणाच्या तरी घरीं खुशालीच्या एका शब्दाची वाट पाहणें चालूं असतें.