पाय अचानक का संपतात?



"पाय नाही रे, तू मनाने हरलास." सायकलवाल्यांच्या कुठल्याही कट्ट्यावर हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. दोनशे किलोमीटरच्या राइडमध्ये कुणी साठाव्या-सत्तराव्या किलोमीटरला गळपटला, की संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याचं निदान तयार असतं. मेंटल स्ट्रेंग्थ कमी पडली. बस्स, विषय संपला.

मला या वाक्याचा मनापासून राग आहे. आज तो इथे काढणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आमच्या ग्रूपमध्ये एक जण होता. त्याला मास्तर म्हणू. (तो मास्तर नाही, टेस्टिंगमध्ये आहे. पण हॉटेलच्या मेनूकार्डातल्यासुद्धा चुका काढतो, म्हणून मास्तर.) वय अडतीस, पक्का शाकाहारी, दारू-सिगरेट नाही. सराव तर असा की आम्हाला लाज वाटावी. आठवड्यातून चार दिवस पहाटे कात्रजचा जुना घाट. आणि तरीही सलग तीन बीआरएममध्ये हा माणूस शिरवळच्या आसपास संपला. म्हणजे पुण्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटर, खंबाटकीचा चढ अजून यायचाय, आणि याच्या पायात काही उरलेलंच नाही. ज्यांना बीआरएम ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ही शर्यत नसते, वेळेत पोचायचं असतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. साडेतेरा तास म्हणजे निवांत जेवून, फोटो काढून जाता येतं. ते या माणसाला जमेना.

एका प्रशिक्षकाने त्याला सांगितलं की तुझा प्रॉब्लेम डोक्यात आहे. गार पाण्याने आंघोळ कर, कम्फर्ट झोनमधून बाहेर ये वगैरे. मास्तरने तेही केलं. चौथ्या खेपेला पुन्हा तेच. मग त्याने सायकल विकून टाकली आणि आमच्यात येणंच बंद केलं. दीड-दोन वर्षांनी तळपायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरकडे गेला, तेव्हा रक्तात बी-१२ जवळपास तळाला गेलेलं निघालं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळा दोष बी-१२ चा? मी तसं म्हणत नाही, म्हणताही येणार नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचं बी-१२ किती होतं हे कुणी मोजलेलंच नव्हतं. माझी तक्रार नेमकी हीच आहे. काहीही न मोजता "मन" हे उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो. आमच्या धंद्यात याला बग न बघता "युजर एरर" लिहून तिकीट बंद करणं म्हणतात.

गंमत म्हणजे आपल्याकडे हे पहिलं बघायला हवं अशी परिस्थिती आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांचा २००६ मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. पुणे आणि आसपासचे ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, त्यातल्या ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! म्हणजे तुम्ही-आम्हीच की हो. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासे अशा प्राणिज अन्नातूनच येतं, आणि चहात घातलेल्या दुधाच्या चार थेंबांनी भागत नाही. वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाणाऱ्यांचं किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं ते आणखी खाली जाऊ शकतं. आयटीत ॲसिडिटीची गोळी कोण घेत नाही ते हात वर करा.

लोहाचंही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष ॲनिमिक निघाले. पण यात एक मेख आहे. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा झालेला असू शकतो. तो कळायला फेरिटिन बघावं लागतं, आणि साध्या रक्ततपासणीत ते नसतं. ऑफिसात जिना चढताना काही जाणवत नाही, घाटात जाणवतं.

बरं, दुसऱ्या टोकाला जाऊ नका. गळपटलेला प्रत्येक माणूस आजारी नसतो. बहुतेकांचं कारण साधं असतं आणि ते गणिताने सापडतं. आपल्या स्नायूंमध्ये साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन असतं, यकृतात शंभरेक. एका ग्रॅमला चार कॅलरी धरल्या तर दोन हजार कॅलरींच्या आसपास साठा. आपल्यासारखा हौशी माणूस तासाला पाच-सहाशे कॅलरी जाळतो, आणि बेताच्या वेगाने गेला तर त्यातला बराच भाग चरबीतून येतो. म्हणजे वाटेत अगदी काही खाल्लं नाही तरी तीन-चार तास निघायला हवेत. तेव्हा दुसऱ्याच तासाला कुणी संपला, तर "अरे बॉंक झाला, केळं खा" हे उत्तर हिशेबात बसत नाही. बसवायचं तर आणखी काहीतरी घडलेलं असायला हवं. एक तर आदल्या रात्री जेवणाला चाट मारून पहाटे सहाला उपाशीपोटी सुरुवात (रात्रभरात यकृतातला साठा बराच उतरलेला असतो). नाही तर पहिल्या तासात पुढच्या ग्रूपच्या मागे जीव खाऊन मारलेलं पॅडल. जोर वाढला की शरीर चरबी सोडून साखरेवर येतं, आणि साठा झपाट्याने उतरतो. कात्रजच्या बोगद्यापर्यंत हिरोगिरी केली की शिरवळला बिल येतं.

हार्ट रेटचा पट्टा असेल तर हे सगळं घरी आल्यावर दिसतं. आपण दिवसभर लोकांच्या सर्व्हरचे लॉग वाचतो, स्वतःचे मात्र स्ट्राव्हावर टाकून लाइक मोजतो.

आता "मना"बद्दल. मनाचा काहीच संबंध नाही असं मी म्हणतोय असं वाटत असेल, तर थांबा. मेंदूचा संबंध आहे, आणि चांगलाच आहे. फक्त टपरीवर सांगतात तसा नाही. इटलीत तुरीनच्या अँजेलो मोस्सोने १८९१ मध्ये थकव्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याने बोटाची ताकद मोजायचं यंत्र केलं होतं. परीक्षा घेऊन आलेल्या सहकाऱ्यांची बोटं त्यावर लवकर थकत, असं त्याला आढळलं. परीक्षा घेताना बोटाला काय श्रम? तरीही.

पुढे २००९ मध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी याचाच सायकलवर प्रयोग केला. सोळा जण. एका दिवशी नव्वद मिनिटं संगणकासमोर डोकं पिकवणारं काम, दुसऱ्या दिवशी तितकाच वेळ माहितीपट. दोन्ही वेळा त्यानंतर सायकलवर बसवून दमेपर्यंत पॅडल मारायला लावलं. माहितीपट बघितल्यावर सरासरी १२ मिनिटं ३४ सेकंद, काम केल्यावर १० मिनिटं ४० सेकंद. हृदयाची गती, रक्तातलं लॅक्टेट यातून हा फरक समजत नव्हता. तेच पॅडल सुरुवातीपासूनच जास्त जड वाटत होतं, इतकंच. नव्वद मिनिटं! आपण शुक्रवारी रात्री दोन वाजेपर्यंत रिलीज करतो, शनिवारी त्याची निस्तरानिस्तर करतो आणि रविवारी पहाटे सायकलवर बसून विचारतो की पाय का चालत नाहीत.

म्हणजे "मन" हे कारण असलंच, तर त्यावर उपाय झोप आणि सुट्टी हा आहे. गार पाणी आणि अपमान हा नाही. ज्या माणसाचं डोकं दमलंय त्याला "डोक्याने आणखी जोर लाव" सांगणं म्हणजे मेमरी संपलेल्या मशीनवर आणखी चार प्रोग्रॅम चालू करण्यासारखं आहे.

एक आणखी कारण सांगतो, कारण ते मला फार विलक्षण वाटतं आणि आपल्याकडे त्याचं नावही कुणी घेत नाही. पोटातून मांडीकडे रक्त नेणारी जी धमनी जांघेपाशी असते, ती सायकलस्वारांमध्ये बिघडू शकते. विचार करा, मिनिटाला ९० च्या लयीत तासाभरात पाय ५,४०० वेळा वर-खाली होतो, तोही कमरेत वाकलेला असताना. वर्षानुवर्षं ही धमनी दुमडत राहते, आणि काही जणांमध्ये तिचं अस्तर आतून जाड होतं किंवा तिला बाक येतो. बसल्या जागी रक्त व्यवस्थित पोचतं. चालताना पोचतं. पूर्ण जोर लावला की मात्र एका मांडीत काहीतरी भरल्यासारखं होतं, पाय बधिरतो, ताकद जाते. थांबलं की काही मिनिटांत सगळं ठीक. डॉक्टरकडे जाईपर्यंत बग गायब! ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, नाडी नॉर्मल. लोड आला तरच दिसणारा बग आहे हा. तो पकडायचा तर माणसाला सायकलवर पूर्ण दमवून लगेच घोट्याजवळचं रक्तदाब मोजावं लागतं.

फ्रान्सच्या पोलिन फेराँ-प्रेव्होला हेच झालं होतं. २०१५ मध्ये ही मुलगी रोड, सायक्लोक्रॉस आणि माउंटन बाइक अशी तिन्ही जगज्जेतेपदं एकाच वेळी बाळगून होती. वय तेवीस. मग घसरण सुरू झाली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने माउंटन बाइकची शर्यत अर्धवट सोडली. त्या सगळ्या वर्षांचं खापर मी एका धमनीवर फोडणार नाही, तिच्यामागे इतरही दुखणी होती. पण अखेर धमनीचं निदान झालं, २०१९ च्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ती माउंटन बाइकची पुन्हा जगज्जेती झाली. त्रास परत आला, पुन्हा शस्त्रक्रिया. आणि मग २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण, २०२५ मध्ये पॅरिस-रुबे आणि त्याच वर्षी महिलांची टूर द फ्रान्स. मधल्या काळात कुणीतरी तिलाही "मनाने हरलीस" म्हटलंच असेल. जगज्जेतीला म्हणतात, तिथे मास्तरचं काय घेऊन बसलात.

आणि हो, सगळं मोजूनही पूर्ण उत्तर मिळेलच असं नाही. २०२३ च्या टूरमध्ये सतराव्या टप्प्यावर, कोल द ला लोझच्या चढावर, तादेय पोगाचार कोसळला. वायरलेसवर त्याने स्वतःच संघाला आपण संपल्याचं सांगितलं. त्या दिवशी व्हिंगेगार्डने त्याच्यापेक्षा पावणेसहा मिनिटं कमी घेतली. पोगाचारच्या दिमतीला आहारतज्ज्ञ, डॉक्टर, पॅडलच्या प्रत्येक फेरीचा आकडा, सगळं होतं. एप्रिलमध्ये मनगट मोडल्याने सराव बुडाला होता हे खरं, पण म्हणून नेमकं त्याच दिवशी का? त्याला कुणी सायकल विकायला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी त्याने टूर जिंकली.

आपण पोगाचार नाही हे मान्य. पण आपल्यातल्या हौशी माणसाचं नुकसान एका अर्थी जास्त होतं. त्याच्यामागे कुणी नसतं. टपरीवरचे चार मित्र हीच त्याची मेडिकल टीम. ती टीम "जोर लाव" एवढंच सांगत असेल तर ते कधीकधी धोक्याचंही असतं. ताप येऊन गेल्यावर आठवडाभरात घाट चढायला निघालेले वीर मी पाहिले आहेत. विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते, आणि तेव्हा जोर लावणं जिवावर बेतू शकतं. छातीत दाब, भोवळ, धडधड यातलं काही असेल तर तिथे चर्चा नको. सायकल टेम्पोत आणि माणूस डॉक्टरकडे.

बाकी ठिकाणी मात्र चौऱ्याऐंशी टेस्टच्या पॅकेजची गरज नाही, ते विकणाऱ्यांचे फोन मलाही येतात. सीबीसी, फेरिटिन, बी-१२, टीएसएच, साखर. एवढं घेऊन एखाद्या शहाण्या डॉक्टरला भेटलं तरी निम्मं धुकं निघून जातं. वजन उतरवायच्या नादात रात्रीची पोळी बंद केली असेल तर तेही सांगायचं. गरजेपेक्षा कमी खाऊन सराव करणाऱ्यांच्या शरीराचं काय होतं यावर ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खास निवेदन काढलं होतं. तो प्रकार फक्त बारीक मुलींना होतो हा गैरसमज आहे.

मी एक वही ठेवतो. फार काही नाही, एका राइडला एक ओळ. आदल्या रात्री किती वाजता जेवलो, किती झोपलो, आठवड्यात किती रात्री ऑफिसने खाल्ल्या, पहिल्या तासात हार्ट रेट किती होता, पहिल्यांदा जड कुठे वाटलं. गेल्या वर्षी फेराँ-प्रेव्होबद्दल वाचल्यापासून त्यात एक रकाना वाढवलाय: दोन्ही पाय, की एकच?