तारीख ठरवा आणि सायकल काढा

"काय डॉक्टर, गाडी बंद पडली का?"

2018 च्या सप्टेंबरअखेरीस मी सायकलवरून दवाखान्यात जाऊ लागलो, तेव्हा पहिल्या आठवड्यात हा प्रश्न मला निदान वीस जणांनी विचारला असेल. विचारणाऱ्यांच्या मनात थट्टा नव्हती, काळजीच होती. जरा बरे दिवस आलेला माणूस सायकलवर दिसला, की त्याचे काहीतरी बिघडले असणार, असे आपण धरूनच चालतो. वाचकहो, बिघडले होतेच. पण गाडीचे नव्हे, माझे.

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मला मधुमेह निघाला. गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी जी एचबीएवनसी नावाची तपासणी असते, तिचा आकडा 7.4 आला. साडेसहाच्या पुढे मधुमेह समजतात. पंचवीस वर्षे मी रोग्यांना "चाला, रोज चाला" असे सांगत आलो होतो. त्यापूर्वी एकदा एका आजींनी मला सरळ विचारले होते, "आणि तुम्ही किती चालता हो?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आता हसणे शक्य नव्हते.

प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सल्ला योग्यच आहे, पण तो पाळला जात नाही. माझ्या मते याचे कारण आळस एवढेच नाही. 'रोज चाला' या सल्ल्याला शेवट नाही. ज्या कामाला तारीख नाही ते काम उद्यावर जाते. घरात लग्न ठरले की रंगरंगोटी वेळेत होते, परीक्षा जाहीर झाली की पुस्तके उघडतात. व्यायामालाही अशीच एक तारीख हवी, असे माझे ठाम मत झाले आहे. ते कसे झाले, तेच आज सांगतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. सारे त्यांना गुरुजी म्हणतात. वय त्रेसष्ट. माझा आकडा ऐकून ते म्हणाले, "डॉक्टर, नाताळच्या सुट्टीत दापोलीहून रत्नागिरीला जाऊ. किनाऱ्याकिनाऱ्याने. सायकलने." मी त्यांना वेड्यात काढले. ते शांतपणे म्हणाले, "तीन महिने आहेत. आणि तुमची ती तपासणी तीन महिन्यांचाच हिशेब सांगते ना?" यावर मजजवळ उत्तर नव्हते.

पडवीत धूळ खात पडलेली मुलाची सायकल दुरुस्त करून घेतली. प्रथम हृदयाचा आलेख काढला, रक्तदाब पाहिला, डोळ्यांचा पडदा आणि पाय तपासून घेतले. मग घर ते दवाखाना, जाऊन येऊन सहा किलोमीटर. पहिल्या चार दिवसांत मांड्या भरून आल्या. दुसऱ्या आठवड्यात चढावर उतरायचे थांबले. ऑक्टोबरमध्ये रविवारी पंधरा किलोमीटर, नोव्हेंबरमध्ये पंचवीस, डिसेंबरच्या सुरुवातीस एकदा चाळीस. गुडघे दुखतील अशी भीती होती. परंतु सायकलवर शरीराचा बहुतेक भार सीटवर पडतो, गुडघ्यांवर नाही. सीट मात्र योग्य उंचीवर हवी. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे बहुतेकांची सीट फार खाली असते आणि मग दोष सायकलला दिला जातो.

ओळखीच्या टेम्पोतून सायकली दापोलीला नेल्या आणि पहाटे निघालो. दापोलीहून दक्षिणेकडे येण्यात गुरुजींचा हिशेब होता. थंडीत दुपारनंतर आमच्या किनाऱ्यावर वारा बहुधा वायव्येकडून सुटतो. खाली येणाऱ्याच्या तो पाठीशी राहतो. पहिल्या दिवशी दाभोळची जुनी शाही मशीद पाहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली, धोपाव्याला उतरलो आणि गुहागरला सुरूच्या बनाजवळ मुक्काम केला. मोटारीतून हा रस्ता मी अनेकदा केला होता, पण चुलीचा धूर, वाळत घातलेली मासळी, काजूच्या बागेतला पाचोळा यांचे वास प्रथमच आले. रात्री झोपही अशी लागली, की गोळी घेऊन येणारी झोप तिच्यापुढे काहीच नव्हे.

कोकणचा किनारा नकाशावर सपाट दिसतो, तसा तो नाही. दर खाडीला रस्ता खाली उतरतो आणि पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर आणि हेदवी करीत तवसाळकडे निघालो. हेदवीला मी बामणघळ पाहण्यात उशीर केला आणि भर बाराला चढ चढू लागलो. गुरुजी म्हणाले, "उतरा, ढकलत नेऊ." मला तीन महिन्यांच्या तयारीचा गर्व झाला होता. मी चढत राहिलो. अर्ध्या चढावर पोटऱ्यांत गोळे आले, मळमळू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. अंग गार आणि घामाने निथळत होते.

येथे जरा शास्त्र सांगतो. घाम येणे म्हणजे शरीर थंड होणे नव्हे. घाम वाळला तरच शरीर थंड होते. देशावरच्या कोरड्या हवेत तो चटकन वाळतो. समुद्रकाठच्या दमट हवेत तो अंगावरून नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. मी पाणी पीत होतो, मीठ पोटात गेले नव्हते. गुरुजींनी मला काजूच्या सावलीत आडवे केले, पाय उंच ठेवले, ओला पंचा अंगावर टाकला. जवळच्या घरातील वहिनींनी तांब्याभर पेज आणली, मीठ घालून. अर्ध्या तासाने मी उठून बसलो. रोगी माझ्यासारखा सुदैवी नसता, शुद्ध हरपली असती, बोलणे असंबद्ध झाले असते, तर तो उष्माघात समजून 108 क्रमांकाला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे लागले असते. पुढचा चढ मी मुकाट्याने ढकलत गेलो. त्यात कमीपणा कसला, हे मला पन्नाशीनंतर कळले.

तवसाळहून फेरीबोटीने जयगड, मग केशवसुतांच्या जन्मगावी, मालगुंडला मुक्काम. तिसऱ्या दिवशी गणपतीपुळ्यावरून आरे-वारेच्या चढावर आलो. दोन्ही बाजूंना पसरलेली पुळण पाहत आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. दहाच्या सुमारास रत्नागिरीत पोहोचलो. तीन दिवसांत मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कुणी हार घालायला आले नव्हते आणि त्याची गरजही नव्हती.

जानेवारीत तपासणी केली. आकडा 6.6 आला. हा चमत्कार नव्हे. माझी गोळी चालूच होती आणि आजही चालू आहे. सायकल सुरू केली म्हणून कुणीही परस्पर औषध बंद करू नये. आणि तो आकडा तीन दिवसांच्या सहलीने उतरला नव्हता. तो त्याआधीच्या तीन महिन्यांनी, रोजच्या सहा किलोमीटरनी उतरवला. सहल हे केवळ निमित्त होते. पण ते निमित्त नसते तर ते तीन महिनेही झाले नसते, हेच मला सांगायचे आहे.

ज्यांना निघावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. चालताना छातीत दडपण येणारे, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले आणि पायाला बधिरपणा किंवा जखम असलेले मधुमेही यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि एकटे जाऊ नये. पहाटे निघावे, साडेदहापर्यंत सावली गाठावी. मार्चनंतर हा बेत करूच नये. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असे पाणी जवळ असू द्यावे. बोटांना मुंग्या आल्यास हँडलवरची पकड बदलावी. डोक्यावर हेल्मेट आणि मागे लाल दिवा हवाच.

शेवटची गोष्ट रस्त्यांची. किनाऱ्याचे रस्ते रुंद व्हावेत, यास माझा विरोध नाही. पण रुंद रस्त्यावर मोटारी वेगाने धावतात आणि सायकलस्वार कडेच्या खडीत ढकलला जातो. रस्ता करतानाच दोन्ही अंगांना पक्की, सपाट साइडपट्टी ठेवली, तर शाळेची मुले, दूधवाला आणि माझ्यासारखा मधुमेही असे सारेच त्यावरून सुखाने जातील. रस्त्यासाठी निवेदने देतो, तेव्हा एवढी एक ओळ त्यात घालायला काय हरकत आहे?

गुरुजी आणि मी त्यानंतरही दर वर्षी दसऱ्याला तारीख ठरवत आलो आहोत. पुरे सव्वाशे किलोमीटर दर वेळी जमत नाहीत. एखाद्या वर्षी जवळच्या खाडीपर्यंतच जाऊन येतो. आपणही आज दिनदर्शिकेवर एका तारखेला खूण करा आणि घरातल्यांना सांगून टाका. मग पडवीतली सायकल बाहेर काढा. वाटेत कुणी "गाडी बंद पडली का?" असे विचारलेच, तर माझे उत्तर खुशाल वापरा. "नाही हो, गाडी आत्ताच सुरू झाली!"