लॉकची पक्कड : स्वस्त घ्यावी की चांगली?

मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे नावाप्रमाणेच बाजाराचे गाव आहे. नागपूर–औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या जुन्या हमरस्त्यावर ते वसलेले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि त्या महामार्गावर चढण्या-उतरण्याची सोय शेलूबाजारलाही झाली. परंतु समृद्धीवर दुचाकी आणि ट्रॅक्टर यांना मज्जाव आहे. म्हणजे आसपासच्या खेड्यांतील मोटारसायकली, ट्रॅक्टर आणि त्यांना जोडलेले रोटाव्हेटर जुन्याच रस्त्याने जातात व बिघडले की गावातल्याच गॅरेजमध्ये येतात. अशा गॅरेजांवर, वेल्डिंगच्या दुकानांवर आणि हार्डवेअरच्या व्यापारावर आपल्या समाजातील कितीतरी घरांची रोजी अवलंबून आहे. म्हणूनच एका लहानशा अवजाराचा प्रश्न या पानावर मांडणे आवश्यक वाटते. ते अवजार म्हणजे सर्क्लिप काढण्या-बसवण्याची पक्कड. बरेच मिस्त्री सर्क्लिपला नुसते 'लॉक' म्हणतात, म्हणून आपणही तिला लॉकची पक्कड म्हणू.

दुकानात ही पक्कड दोन-तीन भावांत मिळते. दिसायला सगळ्या सारख्याच असतात. लाल किंवा निळी मूठ, चकचकीत तोंड, पुढे दोन बारीक टोके. गिऱ्हाईक विचारते, 'यातली स्वस्त कोणती?' दुकानदार ती काढून देतो. व्यवहार दोन मिनिटांत संपतो. त्याचा हिशेब मात्र पुढे वर्षभर चालतो.

लहान लॉक, मोठे काम

लॉक म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची एक उघडी कडी. दोन्ही टोकांना एकेक भोक असते. शाफ्टवरच्या खाचेत बसणारे बाहेरचे लॉक आणि भोकाच्या आतल्या खाचेत बसणारे आतले लॉक असे त्याचे दोन प्रकार आहेत. बेअरिंग, गिअर, पिन, क्रॉसचे कप हे सारे आपापल्या जागी राहतात ते या कडीच्या भरवशावर. पिस्टनच्या पिनचे लॉक चालू इंजिनात निसटले तर सिलिंडरच्या भिंतीवर चरे पडतात आणि किरकोळ कामाचे मोठे काम होते. रोटाव्हेटरच्या शाफ्टमध्ये क्रॉसचे लॉक खाचेत पुरते बसले नाही तर कप हळूहळू बाहेर सरकतो, क्रॉस तुटतो आणि फिरता शाफ्ट मोकळा होतो. त्या वेळी जवळ माणूस उभा असेल तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

लॉक तयार करण्याला जशी प्रमाणे आहेत (आपल्याकडे भारतीय मानक ३०७५), तशीच पक्कडीलाही आहेत. बाहेरच्या लॉकसाठी मूठ दाबली की टोके उघडतात. आतल्या लॉकसाठी मूठ दाबली की टोके मिटतात. बाहेरच्या पक्कडीला 'ए' आणि आतल्या पक्कडीला 'जे' अशा खुणा असून पुढे आकड्याने माप दिलेले असते. ए-१ ही १० ते २५ मिलिमीटरच्या शाफ्टसाठी, ए-२ ही १९ ते ६० मिलिमीटरसाठी आणि ए-३ ही ४० ते १०० मिलिमीटरसाठी. जे-२ आणि जे-३ यांची मापेही तशीच, फक्त ती भोकाची. ए-२ आणि जे-२ यांच्या टोकांची जाडी साधारण १.८ मिलिमीटर असते.

हा १.८ मिलिमीटरचा आकडा लक्षात ठेवावा, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे. साध्या पक्कडीचे तोंड जाड असते. लोखंड हलके असले तरी त्या जाडीमुळे दोष झाकला जातो. लॉकच्या पक्कडीत स्प्रिंगच्या पोलादाचा सगळा ताण दोन काडीएवढ्या टोकांवर येतो. तिथे लोखंडाचा दोष झाकायला जागाच नसते. चांगली पक्कड मिश्र पोलादाच्या घडाईतून केलेली असते आणि तिला योग्य पाणी देऊन नंतर योग्य तेवढा कडकपणा उतरवलेला असतो. पाणी कमी दिले तर टोके पिळली जातात. जास्त दिले आणि उतरवले नाही तर ती काचेसारखी तुटतात. स्वस्त पक्कडीत बहुधा याच कामात काटकसर केलेली असते, कारण ते काम डोळ्यांना दिसत नाही. मूठ आणि चकाकी दिसते, म्हणून खर्च तिथे केला जातो.

वर्षाचा हिशेब

आता पैशाकडे पाहू. समजा, स्वस्त पक्कड १२० रुपयांना आणि चांगली ४५० रुपयांना मिळते. रोज काम करणाऱ्या गॅरेजमध्ये स्वस्त पक्कड चार महिने टिकली, तर वर्षाला तीन लागतील, म्हणजे ३६० रुपये. चांगली पक्कड पाच वर्षे चालली, तर वर्षाला ९० रुपये पडतील. वर्षाकाठी २७० रुपयांचा फरक झाला. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी काय बोलायचे?

परंतु खरा तोटा या २७० रुपयांत नाही. टोक पिळले की लॉकच्या भोकातून ते सुटते. सुटता सुटता लॉक वाकडे होते, खाचेची कड खरवडली जाते, शेजारच्या ऑइल सीलला ओरखडा पडतो. दहा मिनिटांच्या कामाला एक तास लागतो. जून महिन्यात पेरणीच्या तोंडावर सोयाबीनचे बी घेऊन थांबलेल्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर एक दिवस जास्त उभा राहिला, तर तो पुढच्या वेळी दुसऱ्या मिस्त्रीकडे जातो. हे नुकसान कुठल्याही वहीत लिहिलेले सापडत नाही.

सर्वांत मोठा धोका डोळ्याचा आहे. ताणलेले लॉक सुटले की ते गोळीसारखे उडते. पक्कडीचे तुटलेले टोकही तसेच उडते. आपल्या गॅरेजमध्ये कामाला वाकलेला असतो तो बहुधा पोरसवदा शागीर्द, आणि त्याचा चेहरा कामापासून वीतभर अंतरावर असतो. त्याच्या डोळ्याला चष्मा नाही, हातात पिळलेली पक्कड, आणि पक्कड नसेल तर स्क्रू-ड्रायव्हर व खिळा. त्याच्या आई-बापाने तो उस्तादाच्या हवाली केलेला असतो. ती अमानत आहे. तीनशे रुपये वाचवून त्या मुलाचा डोळा धोक्यात घालण्याचा अधिकार कोणत्याही उस्तादाला नाही. प्रस्तुत लेखकाला वाटते की पक्कड कोणतीही असो, लॉकच्या कामाला संरक्षक चष्मा असलाच पाहिजे.

'गरिबाला परवडत नाही'

यावर एक उत्तर नेहमी मिळते : चांगले अवजार गरिबाला परवडत नाही. हे उत्तर खोटे नाही. नुकतेच दुकान टाकलेल्या तरुणाला एकदम सगळे घेता येत नाही. परंतु हा तरुण प्रत्यक्षात काय करतो? तो आठ-दहा नगांचा स्वस्त संच घेतो, किंवा एकाच मुठीला चार तोंडे बदलून लावता येतील अशी पक्कड घेतो. संचातल्या निम्म्या पक्कडींना वर्षभर हात लागत नाही. बदलत्या तोंडाची पक्कड सांध्यात डगमगते आणि जोर आला की टोक तिरके होते. त्याच पैशांत त्याला जे-२ आणि ए-२ अशा दोन चांगल्या पक्कडी मिळाल्या असत्या, आणि दुचाकी व ट्रॅक्टरची बरीचशी कामे त्या दोघींवर झाली असती. मोठ्या मापाची पक्कड तसे काम आल्यावर घ्यावी. अवजारे एकेक करून, कमाईतून जोडावीत. हप्त्याने आणि व्याजाने संच उचलून धंद्याची सुरुवात करू नये. त्यात बरकत नाही.

चांगले म्हणजे परदेशीच, हाही गैरसमज आहे. जर्मनीच्या पक्कडी उत्तम असतात आणि त्यांची किंमतही तशीच असते. गिअरबॉक्सचे काम रोज करणाऱ्या मोठ्या वर्कशॉपला त्या परवडतील. गावातल्या गॅरेजला त्यांची गरज नाही. आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकच्या सातपूर येथे तापडियाचा कारखाना आहे. जालंधर आणि लुधियाना ही हातअवजारांची जुनी ठिकाणे आहेत. नामांकित देशी मालात मध्यम भावाची चांगली पक्कड मिळते. उलट, ज्या शेतकऱ्याला वर्षातून एकदा-दोनदा लॉक काढायचे आहे, त्याने स्वस्त पक्कड घेतली तर तिला चूक म्हणता येणार नाही, मात्र त्याने ती जपून वापरावी. प्रश्न वापराचा आहे. ज्या अवजारावर रोजी चालते तिथे काटकसर करू नये. ट्रे, डबे, तेलाच्या कुप्या स्वस्त चालतील. जिथे लोखंड बारीक आणि जोर मोठा, तिथे पैसा वाचवू नये.

भाव जास्त म्हणून माल चांगला, असेही समजू नये. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. एक, पक्कड उजेडासमोर धरावी. दोन्ही टोके लांबीने सारखी आणि एका रेषेत हवीत. दोन, मुठी हातात धरून आडव्या हलवाव्यात. रिव्हेटपाशी डगमग असेल तर ती परत द्यावी. तीन, दुकानात मोठे लॉक मागून पाच-दहा वेळा उघडून पाहावे. टोक पिळले तर निकाल तिथेच लागला. चार, कारखान्याचे नाव आणि माप अंगावर स्पष्ट कोरलेले असावे. नुसते 'क्रोम व्हॅनेडियम' हे शब्द कोरलेले असणे हा पुरावा नव्हे, कारण अक्षरे कोणत्याही लोखंडावर उमटतात.

आणि चांगली पक्कड घेतल्यावर ती चांगली वापरावी. मापाबाहेरच्या लॉकला लावू नये. लॉक गरजेपेक्षा जास्त ताणू नये, कारण जास्त ताणलेले लॉक पुन्हा खाचेत घट्ट बसत नाही. छापून काढलेल्या लॉकची एक बाजू धारदार व एक गोलसर असते. गोलसर बाजू अडवायच्या भागाकडे आणि धारदार बाजू खाचेच्या जोर घेणाऱ्या भिंतीकडे ठेवावी. पिस्टनच्या पिनला प्रत्येक वेळी नवे लॉकच घालावे.

दुकानदाराची जबाबदारी

आतापर्यंत मिस्त्रीविषयी लिहिले. पण हा प्रश्न दुकानदाराचाही तितकाच आहे. स्वस्त माल विकणे गैर नाही. स्वस्त माल चांगला म्हणून विकणे हा धोका आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, अशी विचारणा प्रेषितांनी (स.) केली. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण जुम्म्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. लॉकच्या पक्कडीचा ओला भाग म्हणजे तिचे टोक. दुकानदाराला तो ठाऊक असतो, गिऱ्हाइकाला नसतो. 'ही रोजच्या कामाची नाही, घरगुती वापराची आहे' हे एक वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत. मापात मारणाऱ्यांविषयी पवित्र कुरआनात 'अल्-मुतफ्फिफीन' ही एक संपूर्ण सूरह त्याच नावाने आहे. गुणात मारणे हे मापात मारण्याहून वेगळे कसे मानावे?

कायदाही इथे गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागू होत नाही, असा समज आहे. तो अर्धवट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे, स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहकच ठरतो. म्हणजे स्वतःच्या हाताने काम करणारा मिस्त्री सदोष किंवा बनावट छापाच्या अवजाराबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. त्यासाठी बिल हवे. बिल मागावे, आणि दुकानदाराने ते न मागता द्यावे.

शासनाकडेही एक मागणी आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांच्या कारागिरांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले आहे. त्यात लोहार आहे, कुलूप करणारा आहे, शिंपी आहे. मोटार मेकॅनिक नाही. आज खेड्यापाड्यात लोहाराइतकेच गॅरेजच्या मिस्त्रीवाचून अडते. त्याचा या यादीत समावेश व्हावा, असा आग्रह लोकप्रतिनिधींकडे धरला पाहिजे.

पवित्र कुरआनातील सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांचा उल्लेख आहे. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखताच्या कड्या मापात जोडण्याची त्यांना आज्ञा झाली. एका प्रेषिताला लोखंडी कडीचे माप नीट राखण्यास सांगितले जाते, यावरून कारागिराच्या कामाचा दर्जा केवढा आहे हे कळते. शेलूबाजारच्या गॅरेजमधील मिस्त्रीही कडीच बसवतो आणि तिच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव चालतो. तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांनी एवढे ठरवावे : विकणाऱ्याने मालाचा दर्जा सांगून विकावा, घेणाऱ्याने आपले काम पाहून घ्यावे, आणि उस्तादाने शागीर्दाच्या हाती असे अवजार द्यावे जे तो स्वतःच्या मुलाच्या हाती निर्धास्तपणे देईल.