घरची मोटार : रंगवावी की मढवावी?

किन्हवलीहून एका भगिनींचे पत्र आम्हांस आले आहे. घर एकत्र, माणसे पुष्कळ आणि मोटार एकच. तीही बारा वर्षांची. टपाच्या रंगास पापुद्रे सुटले आहेत, दारे निस्तेज झाली आहेत आणि मागील मडगार्डाच्या कडेस गंज दिसू लागला आहे. मार्गशीर्षात घरी कार्य आहे. धाकट्या दिरांचे म्हणणे असे की, कल्याणास नेऊन गाडीस व्हिनाइलचे 'रॅप' चढवावे, म्हणजे दोन-चार दिवसांत ती नवी दिसेल. थोरल्यांचा कल रंगाकडे आहे. पैसा मात्र दोन्ही पक्षी बेताचाच. 'तुम्हीच निवाडा करा,' असे त्या लिहितात.

प्रश्न वरवर शोभेचा दिसतो. परंतु आडगावी घरच्या आजारी वडीलधाऱ्यांस ऐन पावसात शहापुरास न्यावयाचे झाल्यास बहुधा हीच गाडी दारात उभी करावी लागते. तेव्हा ती कशी दिसेल याहून ती किती वर्षे टिकेल, हाच विचार आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

रॅप म्हणजे पी.व्ही.सी.ची पातळ, चिकट पाठीची फिल्म. मूळचे कठीण पी.व्ही.सी. मऊ करण्याची युक्ति १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी साधली. मोटारीस रंगाऐवजी ही फिल्म लावण्याची चाल पडली ती जर्मनीतील टॅक्सीवाल्यांच्या सोयीसाठी. तेथे टॅक्सीचा रंग फिकट हस्तिदंतीच असावा असा सरकारी नियम होता, आणि त्या रंगाची गाडी पुढे विकताना गिऱ्हाईक मिळणे कठीण. म्हणून १९९३ च्या सुमारास नव्या गाडीवर हस्तिदंती फिल्म चढवू लागले. विकताना ती सोलून काढली की आतला मूळचा रंग जसाच्या तसा! ही कुळकथा ध्यानात घेतली म्हणजे अर्धा प्रश्न सुटतो. रॅप जन्मास आले ते चांगला रंग झाकून जपण्यासाठी. बिघडलेला रंग सुधारण्यासाठी नव्हे.

शिवाय ती फिल्म गोंदासकट अवघी ८० ते १०० मायक्रॉन जाडीची. खालचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक ओरखडा तिच्यातून उठून दिसतो. सुटत्या पापुद्र्यावर ती चिकटविली तर पापुद्र्यासह निघून येते. आणि गंजावर चिकटविली तर? ओल आलेल्या भिंतीस वरून सफेदी दिल्याने जे होते तेच येथेही होते. कडेने शिरलेले पाणी आत कोंडते, पत्रा आतल्या आत खात जातो आणि बाहेरून गाडी लखलखीत. वरून कीर्तन, आतून तमाशा! ठाणे जिल्ह्यात वर्षास सरासरी २,५०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो; तेथे हा तमाशा रंगण्यास फार काळ लागत नाही.

फिल्मेतही दोन जाती आहेत. 'कास्ट' म्हणतात ती पातळ, लवचीक व महाग. चांगली राखल्यास पाच-सात वर्षे टिकते, तरी उन्हात तापणाऱ्या टपावर व बॉनेटवर त्याहून कमी. 'कॅलेंडर्ड' स्वस्त, परंतु लाटून ताणलेली असल्यामुळे ती पुढे आकसते आणि कडा उचलतात. दुकानदार दर सांगतो तो बहुधा दुसरीचा, आणि वर्णन करतो पहिलीचे! फिल्मेचा रोल सामान्यतः १.५२ मीटर रुंदीचा असतो आणि लहान गाडीस सुमारे १५ मीटर लागतो; दर मीटरचा भाव विचारून घरच्या घरी गुणाकार करावा, मजुरी त्यात मिळवावी, आणि मगच स्वस्ताईचा निर्णय करावा. चांगली फिल्म तालुक्याच्या गॅरेजातील रंगाहून स्वस्त पडेल असे आम्हांस वाटत नाही.

निर्णयापूर्वी गाडी स्वतः तपासावी. कागदी चिकटपट्टी रंगावर दाबून झटक्याने ओढावी. रंग निघाला तर रॅपचा विषय तेथेच संपला. लहानसे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते नीट धरत नाही तेथे खाली पत्रा नसून लांबी, म्हणजे गॅरेजवाल्यांची पुट्टी, भरलेली आहे असे समजावे. पायपुसण्या उचलून खालचा पत्रा पाहावा. दारांच्या तळाशी पाणी निचरण्याची भोके असतात, ती चिखलाने बुजली असल्यास काडीने मोकळी करावी. या शेवटच्या कामास एक पैही पडत नाही, आणि सर्वांत अधिक दुर्लक्ष त्याकडेच होते.

आमचा निवाडा थोरल्यांच्या बाजूने आहे. मात्र सबंध गाडी रंगविण्याचे कारण नाही. प्रथम मडगार्डाचा गंज पांढरा पत्रा दिसेपर्यंत खरवडावा. भोक पडले असेल तर पत्र्याचा तुकडा वेल्ड करावा. तेथे लांबी थापून वेळ मारून नेणाऱ्यास काम देऊ नये. मग प्रायमर, आणि टप व मडगार्ड एवढ्यांसच रंग व लॅकर. दारे केवळ निस्तेज आहेत. रबिंग कंपाउंड व मेण यांनीच त्यांवर पुष्कळसे तेज येईल. उरलेला पैसा गाडीच्या तळाला गंजरोधक लेप देण्यात घालावा. तीन वर्षांनी, पंधराव्या वर्षी, नोंदणीचे नूतनीकरण करावयाचे तेव्हा तपासणीस दारांच्या चकाकीवर भुलणार नाही.

रंग मूळचाच ठेवावा. निराळा द्यावयाचा, मग तो रंगाने असो वा रॅपने, तर नोंदणी पुस्तकात तशी दुरुस्ती करण्यास परिवहन कार्यालयाची आगाऊ परवानगी लागते आणि विमा कंपनीसही कळवावे लागते. धाकट्या दिरांस लष्करी हिरव्याचा मोह असल्यास तो मनातच ठेवावा. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसच राखून ठेवलेला आहे.

काम अंगणात करवून खर्च वाचविण्याचा विचारही कोणी करू नये. हल्लीच्या रंगांत मिसळावयाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याच्या तुषारांनी दमा जडू शकतो, आणि एकत्र कुटुंबाच्या अंगणात मुले असावयाचीच. गॅरेजातच, पाऊस पूर्ण ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास काम उरकावे, म्हणजे कार्यापर्यंत रंग वाळून पक्का होण्यास अवधि मिळेल. त्या दिवशी गाडी सजविताना मात्र फुलांच्या माळा चिकटपट्टीने लावू देऊ नयेत, दोऱ्याने बांधाव्या.