क्यूसाठी क्यू



"पन्नाशी आली, आता स्वतःसाठी काहीतरी घे," असा घरातून हुकूम झाला. मी लगेच म्हटलं, हाताने बनवलेली स्नूकरची क्यू! बायकोने किंमत विचारली. मी सांगितली. "काठीला?" एवढंच म्हणाली. असो.

खेळ तसा आपल्याकडचाच. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला. आमचे बाबा पुण्यात एका क्लबात खेळायचे. इंग्लंडला येताना त्यांनी स्वतःची क्यू मला दिली. ती मी एका हिवाळ्यात हीटरशेजारी भिंतीला टेकवून ठेवली आणि ती वाकली. बाबांना अजून सांगितलेलं नव्हतं.

तर नवी क्यू. शोधायला लागल्यावर तीन वाटा दिसल्या. एक, मोठं नाव. लंडनच्या जॉन पॅरिस यांच्या क्यूने स्टीव्ह डेव्हिस आणि रॉनी ओ'सलिव्हन खेळले, लिव्हरपूलची पेराडन तर १८८५ पासूनची. दोन, थायलंडचे कारागीर. त्यांचं नक्षीकाम फोटोत पाहूनच जीव जातो. पण तिथून मागवली की इथे वीस टक्के व्हॅट आणि वर कुरिअरवाल्याची फी, हे धरून हिशेब करा. शिवाय हातात न घेता घ्यायची. तीन, आमच्या गावापासून तासाभरावर एकटाच काम करणारा एक म्हातारा कारागीर. चांगल्या माणसाकडे थांबावं लागतंच. क्यूसाठीसुद्धा क्यू असते हो!

मी आधी आबनुसाच्या मुठीवरच्या रंगीत पट्ट्या बघत होतो. आजोबांनी पहिल्यांदा त्या बाजूला ठेवल्या. म्हणाले, खेळ दांड्यात असतो. दांडा ॲशचा की मेपलचा, हे आधी ठरव. ॲशवर बाणांसारख्या रेषा दिसतात, नेम धरताना पुष्कळांना त्यांची मदत होते. मेपल गुळगुळीत, रेषा जवळजवळ नाहीत. रेषा दांड्यावर सरळ लांब धावायला हव्यात, मधेच कडेला निघून गेल्या तर ते लाकूड नको. सरळपणा टेबलावर लोळवून कळत नाही, मुठीकडून एक डोळा मिटून बघायचं. मुठीजवळच्या जोडाची टोकं गोलसर असतील तर बहुधा हातकाम, सुईसारखी टोकदार असतील तर यंत्राचं. यंत्राचं म्हणजे वाईट असं नाही, पण हातकामाचे पैसे त्याला देऊ नका.

मग मापं. लांबी साधारण ५८ इंच, वजन १७-१८ औंस, टिप साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. पण ही झाली पुस्तकातली. आजोबांनी विचारलं, "जुनी आणलीस का?" गाडीत होती. त्यांनी ती बोटावर तोलली, तोल कुठे साधतो ते मोजून वहीत लिहिलं, मला दहा-बारा शॉट खेळायला लावले. दुसऱ्या कोणी हे विचारलंच नव्हतं. सगळे विचारत होते, मुठीला लाकूड कुठलं?

त्या रात्री पुण्याला फोन केला आणि एकदाचं सांगून टाकलं. बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "अरे, वाकली तर वाकली. नवी दिसायला कशी आहे ते नको सांगू. हातात बसते का?"

स्टीफन हेंड्रीने सातही विश्वविजेतीपदं एकाच साध्या, स्वस्तातल्या क्यूने मिळवली. २००३ साली विमानप्रवासात ती मोडली. त्या काठीची किंमत पावतीवर कधीच नव्हती.

मी म्हाताऱ्या आजोबांकडे नोंदवली. साधा ॲशचा दांडा, आबनुसाची मूठ, पट्ट्या नाहीत, तोल बाबांच्या क्यूचा. नाव मोठं असूनही कारागीर तुमची जुनी क्यू बघायला मागत असेल, तर खुशाल तिकडे जा. फक्त फोटोवरून ठरवू नका, आणि घेतल्यावर वर्षभर तरी बदलू नका. प्रत्येक हुकलेल्या पॉटचा दोष काठीला दिला तर घरात काठ्यांची मोळी होईल. आणि हो, हीटरपासून लांब!

बाबांची क्यू आता दिवाणखान्यात आडवी टांगली आहे. वाकडीच आहे. या डिसेंबरात पुण्याला जाईन तेव्हा नवी घेऊन जायचा बेत आहे. त्यांनी एक शॉट खेळल्याशिवाय ती माझी व्हायची नाही.

लोभ असावा.

ता. क. तीन-चतुर्थांश जोडाची घ्या मंडळी, मोटारीत मावते!