‘माल’ कुणाला म्हणता?

सातपूरच्या एमआयडीसीत ‘माल’ म्हणजे तयार होऊन टेम्पोत भरायचा माल. ‘आयटम’ म्हणजे ऑर्डरीतली वस्तू, ‘पीस’ म्हणजे मोजायचा नग. शिफ्ट सुटली की हेच शब्द गेटबाहेर, रिक्षा स्टँडवर, चहाच्या टपरीवर बाईला लावले जातात. दिवसभर ज्याची मोजणी, तपासणी आणि विक्री होते, त्याचंच नाव संध्याकाळी रस्त्यानं जाणाऱ्या बाईला मिळतं. हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

इथल्या कामगार वस्तीत किशोरी मुलींच्या गटाला मी रस्त्यावर कानी पडणारे शब्द लिहायला सांगितले. ‘चिकणी’, ‘फटाकडी’, ‘टंच’, ‘सामान’... कागद भरून गेला. मुलग्यांसाठी असे शब्द सांगा म्हटल्यावर मात्र सगळ्या गप्प. शेवटी एकीला आठवला तो ‘हिरो’! त्यातली एक मुलगी टपरी टाळायला रोज लांबच्या रस्त्यानं क्लासला जाते. घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर क्लासच बंद होईल.

मैत्रिणींनो, बोलीतल्या गमतीशी माझं भांडण नाही. शब्दांशी खेळायला बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायच्या सक्तीतूनही त्यांनी उखाण्यात चिमटे काढले. मुलींनी ‘च’ची भाषा बोलून ‘काय करतेस’चं ‘चायक चरतेसक’ केलं आणि मोठ्यांच्या कानांपासून आपली गुपितं राखली. आजच्या मुली एकमेकींना बिनधास्त ‘भावा’ म्हणतात, तेही मला आवडतं. या खेळात हसणाऱ्या सगळ्याच खेळत असतात. टपरीवरच्या खेळात मुलीला कुणी घेतलेलंच नसतं. तिच्यावर फक्त हसायचं असतं.

‘गंमत केली’ हा बचाव आता कोर्टातही टिकेलच असं नाही. २०१५ साली मुंबईत शाळेतून घरी निघालेल्या मुलीचे केस ओढून तिला ‘आयटम’ म्हणणाऱ्या तरुणाला २०२२ मध्ये विशेष न्यायालयानं दीड वर्षाची शिक्षा दिली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली स्त्रीचा अपमान करण्याच्या हेतूनं काढलेल्या शब्दालाही ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की आईबहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. भांडण दोन पुरुषांचं आणि अब्रू जाते घरातल्या बाईची, हे एका गावानं सगळ्यांसमोर मान्य केलं, ही मोठी गोष्ट आहे.

पण दंड शिवीला बसतो. ‘माल’ हा शब्द कौतुकाचा वेष घेऊन येतो आणि निसटतो. त्याला अडवायचं तर तो शब्द ऐकून हसणाऱ्यांनी हसणं थांबवायला हवं. युनियनच्या सभेत, गणेश मंडळात, कंपनीच्या कँटीनमध्ये हा विषय पुरुषांनीच पुरुषांपुढे काढावा.

आणि आपण घरात एवढं तरी करू या. मुलगी असा शब्द ऐकून आली आणि आपल्याला सांगू लागली, तर तिचा क्लास बंद होणार नाही, हे तिला आजच सांगून ठेवू या.